आधी अक्षर, मग काठ: येरुशलेमच्या एका नक्षीदार मेगिल्लेची पारख

पैठणी दाखवताना दुकानदार आधी पदर उलगडतो. एस्तेरची मेगिल्ला, म्हणजे बायबलमधल्या एस्तेर राणीच्या पुस्तकाची हातानं लिहिलेली गुंडाळी, विकणाराही तेच करतो. वर मोर आणि वेल, खाली शूशनच्या राजवाड्यातली मेजवानी, मधे काळी चौकोनी हिब्रू अक्षरं, आणि गिऱ्हाईक काठावरच थांबतं. पण मेगिल्ला भिंतीवर लावायची वस्तू नव्हे. पुरीम या ज्यू सणाच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्यानं वाचायची असते, आणि त्यासाठी उलगडायची, दुमडायची, पुन्हा गुंडाळायची असते. म्हणून ही पारख उलट्या क्रमानं केली आहे. आधी कातडं, शाई, अक्षर, मग काठ, शेवटी गुंडाळी म्हणून ती कशी चालते ते.

पाहिलेला माल येरुशलेमच्या मेआ शआरीम भागातल्या एका लहान कार्यशाळेचा. एकच आराखडा, दोन प्रकार. दोन्हींत मजकूर सोफेरनं, म्हणजे धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकानं, हातानं लिहिलेला. पहिल्या प्रकारात काठ हातानं रंगवलेला, सोन्याच्या वर्खासह. दुसऱ्यात तोच काठ रेखाचित्राच्या रूपात, तपकिरी रंगात, चर्मपत्रावर इंकजेटनं छापलेला. उंची 26 सेंमी, लांबी सुमारे 2.7 मीटर, पाच तुकडे जोडलेले, 18 स्तंभ, स्तंभात 21 ओळी. वर-खाली साडेपाच-साडेपाच सेंमी काठ. रंगवलेली प्रत छापील काठाच्या प्रतीपेक्षा कित्येक पट महाग आहे. आमचं मत आधीच सांगतो: वाचायला घ्यायची असेल तर स्वस्तातली घ्या. कारणं पुढे येतील.

चित्रं मुळात चालतातच कशी, हा प्रश्न नेहमी येतो. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळीत वेलबुट्टीलाही जागा नसते. एस्तेरच्या पुस्तकात मात्र देवाचं नाव एकदाही येत नाही, आणि कदाचित त्यामुळेच चित्रकाराला इथे मोकळीक मिळाली. नक्षीदार मेगिल्लांची खरी लाट आली ती सोळाव्या शतकातल्या इटलीत. तारीख असलेली सर्वांत जुनी माहीत असलेली नक्षीदार मेगिल्ला 1564 साली व्हेनिसमध्ये एस्तेलिना बत मनाखेम या स्त्रीनं लिहिली. ती आज झुरिकच्या ब्रागिन्स्की संग्रहात आहे.

आता कातडं. दोन्ही प्रकारांत गाईच्या वासराचं क्लाफ, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेलं चर्मपत्र, वापरलं आहे. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेलं, चौकटीवर ताणून खरवडलेलं आणि ताणातच वाळवलेलं. लिहिलं आहे मांसाच्या बाजूवर, तसंच हवं. उजेडासमोर धरलं की केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात आणि रंग हस्तिदंती, थोडा असमान दिसतो. हे चांगलं लक्षण. दुधासारखं एकसारखं पांढरं क्लाफ दिसलं तर सावध व्हावं, कारण त्यावर बहुधा पांढरा लेप चढवलेला असतो. लेपावर अक्षर सुबक उठतं, पण पाच-दहा वर्षांनी लेपाचा पोपडा निघतो आणि अक्षर सोबत घेऊन जातो. या प्रतींत लेप नाही. जाडी मात्र सारखी नाही: तिसरा तुकडा बोटांना स्पष्ट जाड लागतो आणि गुंडाळताना तिथेच गुंडाळी एका बाजूला सरकते. पाचही तुकडे शक्य तो सारख्या जाडीचे द्या, असं मागणी नोंदवतानाच सांगावं.

शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. पूर्वी आपल्याकडच्या पोथ्यांसाठी काजळीची शाई जास्त चाले. ही शाई वेगळी: लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी पडते आणि कातड्यात चावून बसते. हिराकस जास्त पडला की काही वर्षांत ती गंजासारखी तांबूस होते, डिंक जास्त झाला की चकाकते आणि तडकते. भिंग घेऊन गुंडाळीचा सर्वांत आतला स्तंभ बघावा, कारण तिथे वाक सर्वांत जास्त असतो आणि शाई तडकणारी असेल तर आधी तिथेच तडकते. इथे अक्षरं अखंड आहेत. थर पातळ, चमक मंद. हे काम पिसाच्या लेखणीचं आहे, उभे दांडे बारीक आणि आडवे जाड. बगदादी वळणाचे लेखनिक बोरू वापरतात, त्यांचं अक्षर जास्त गोलसर येतं. दोन्ही चालतात, आवडीचा प्रश्न.

ओळी आखलेल्या आहेत की नाहीत, हे तिरप्या उजेडात तपासावं. मेगिल्लेला सिर्तूत लागते, म्हणजे बोथट टोच्यानं कातड्यावर दाबून काढलेल्या बिनशाईच्या रेघा, आणि अक्षरं त्यांना वरून लटकलेली असतात, देवनागरी शिरोरेघेला लटकते तशी. पेन्सिलीच्या रेघा दिसल्या तर वस्तू परत करावी. याच तिरप्या उजेडात दुसरी तपासणीही उरकते: हातची शाई पृष्ठभागापासून किंचित उठलेली दिसते, छापलेलं अक्षर सपाट बसतं. बाजारात पूर्ण छापील मेगिल्लाही ‘चर्मपत्रावरची’ म्हणून विकल्या जातात. त्या शोभेच्या, वाचनाला निरुपयोगी. शंका आली तर एकाच अक्षराच्या वीस आकृत्या भिंगाखाली शेजारी-शेजारी पाहाव्यात. वीसही तंतोतंत सारख्या निघाल्या तर ते हाताचं काम नाही.

मांडणी ‘हा-मेलेख’ पद्धतीची आहे: पहिला स्तंभ आणि हामानाच्या, म्हणजे गोष्टीतल्या दुष्ट मंत्र्याच्या, मुलांचा स्तंभ सोडला तर प्रत्येक स्तंभ ‘राजा’ या शब्दानं सुरू होतो. दिसायला देखणी, लिहायला जाचक. शब्द नेमका स्तंभाच्या माथ्यावर आणण्यासाठी लेखनिक कुठे अक्षरं ताणतो, कुठे दाबतो. सातव्या स्तंभात ती कसरत उघडी पडली आहे. शेवटच्या तीन ओळींत दालेत आणि रेश इतके ताणले आहेत की ओळ विरळ झालेल्या केसांसारखी दिसते, तर नवव्या स्तंभात दोन शब्दांमधलं अंतर जेमतेम यूद या सर्वांत लहान अक्षराएवढं. वाचणारा तिथे अडखळेल. हा दोष धर्मशास्त्राचा नाही, पण या किमतीत तो नसावा.

खरा मोठा दोष काठ आणि मजकूर जिथे भेटतात तिथे आहे. नियम असा की प्रत्येक अक्षराभोवती चारही बाजूंनी कोरं कातडं हवं. अक्षर शेजारच्या अक्षराला टेकलं तर बाद, आणि रेघेला किंवा रंगाला टेकलं तरी प्रश्न उभा राहतो. हिब्रूतलं लामेद हे एकच अक्षर ओळीच्या वर मान काढतं. खाली उतरणारी बरीच आहेत: कोफ, आणि शब्दाच्या शेवटी येणारे खाफ, नून, फे, त्सादी. इथे ओळीचं अंतर 7 मिमी आणि अक्षराची उंची साडेतीन. म्हणजे पहिल्या ओळीतल्या लामेदची मान आणखी साडेतीन-चार मिमी वर जाणार. काठाची आतली रेघ मजकुरापासून किती लांब ठेवली आहे? 4 मिमी. रंगवलेल्या प्रतीत सहा ठिकाणी लामेदचं टोक सोनेरी रेघेला टेकलं आहे, आणि बाराव्या स्तंभात तर पानाची हिरवी कड मानेवरून गेली आहे. रंगारी मजकुरानंतर बसला आणि त्यानं ती टोकं शोभेचा भाग समजली असणार. छापील प्रतीत काठ आधी आलेला असल्यामुळे सोफेरला रेघ दिसत होती. त्यानं लामेदच्या माना आखूड केल्या आहेत. थोड्या बसक्या दिसतात, पण सुट्या आहेत. मागणी देताना वर-खाली दोन्हीकडे निदान 8 मिमी कोरी पट्टी लिहून घ्यावी. एवढं एक कलम कागदावर आलं तर अर्धी भांडणं टळतात.

आधी काठ की आधी मजकूर, याला बिनधोक उत्तर नाही. काठ आधी रंगवला आणि सोफेरची न सुधारण्याजोगी चूक झाली तर रंगवलेलं कातडं वाया. मजकूर आधी लिहिला तर रंगाऱ्याच्या ओल्या कुंचल्याचा एक थेंब स्तंभ बिघडवू शकतो, शिवाय चर्मपत्र पाणी पितं आणि तिथे फुगवटा येतो. जाणते रंगारी म्हणूनच रंग घट्ट ठेवतात, अंड्याच्या बलकात किंवा डिंकात खललेला, आणि पातळ थर देत जातात.

छापील काठ आणि हातचा मजकूर ही जोडी हल्लीची तडजोड आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. सोळाव्या शतकात रोममध्ये आंद्रेआ मारेल्लीनं मेगिल्लांसाठी ताम्रपटावर काठ कोरले होते. सतराव्या शतकात मूळ मांतुआचा शालोम इतालिया आम्सटरडॅमला कमानींची रांग कोरत होता: कमानींच्या मधे एस्तेर, राजा अशी उभी पात्रं, पायथ्याशी छोटे प्रसंग, आणि कमानीच्या आत सोफेरनं हातानं भरायचा मजकूर. त्यातही आजचीच अडचण होती. कमान ठरलेल्या मापाची, मजकूर आपल्या मापाचा. म्हणून काही प्रतींत अक्षर शेवटाकडे दाटत जातं. अठराव्या शतकात पोलंडहून इटलीत गेलेला आर्ये लाइब बेन दानिएल तर हातानंच, पण रंगाशिवाय, नुसत्या तपकिरी शाईच्या रेघांनी काठ काढायचा, कोरीवकामाच्या छापासारखा. गुंडाळीला हीच भाषा मानवते असं आमचं ठाम मत आहे. रेघेला जाडी नसते, म्हणून ती वाकते. रंगाचा थर वाकत नाही, तडकतो.

रंगवलेल्या प्रतीत तेच झालं आहे. राजाच्या मुकुटावर आणि मेजवान्यांच्या पेल्यांवर खडूच्या उंच लेपावर वर्ख चिकटवून घासला आहे. पुस्तकाच्या सपाट पानावर हे तंत्र शतकानुशतकं टिकतं. इथे ते 2 सेंमी व्यासाच्या दांडीभोवती गुंडाळलं जातं. नव्या कोऱ्या प्रतीत, पाच-सहा वेळा उलगडल्यावर, शेवटच्या तुकड्यावरच्या तीन पेल्यांना केसासारख्या भेगा पडलेल्या भिंगातून दिसतात. पुढची पायरी टवके उडण्याची. सोनं हवंच असेल तर डिंकात खललेलं सोनं कुंचल्यानं लावून घ्यावं. झळाळी कमी, पण ते कातड्याबरोबर वाकतं. आणि दांडी 4 सेंमीची घ्यावी. हिशेब सोपा आहे: पाव मिमी जाडीचं पावणेतीन मीटर चर्मपत्र 2 सेंमी दांडीवर सैलसर गुंडाळलं की एकूण व्यास 4 सेंमीच्या आसपास जातो, 4 सेंमी दांडीवर साधारण सव्वापाच. त्यामुळे गुंडाळी ज्यात राहते त्या चांदीच्या नळीचा आतला व्यास 6 सेंमी तरी हवा. कार्यशाळेनं दिलेली नळी 4.5 सेंमीची आहे. जाड दांडी त्यात जाणारच नाही, आणि आहे त्या दांडीवरची गुंडाळी नळीच्या फटीतून ओढताना वरचा काठ धातूच्या कडेला घासतो. फटीच्या आतल्या कडा गोल घासून, मऊ कातड्याची पट्टी लावून देणारे कारागीर आहेत. इथे कडा धारदारच सोडल्या आहेत.

हामानाच्या दहा मुलांचा स्तंभ हा कोणत्याही मेगिल्लेचा कस. नावं उजवीकडे, ‘आणि’ डावीकडे, मधे मोकळी पट्टी, विटेवर वीट आणि फटीवर फट, अशा 11 ओळी. भिंत अशी रचली तर ती उभी राहत नाही, आणि हामानाच्या घराण्यानं पुन्हा उभं राहू नये हाच त्या मांडणीचा अर्थ तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ देतो. पर्शन्दाथातला ताव, पर्मश्तातला शीन, वैजाथातला झायिन लहान हवेत, आणि वैजाथातला वाव मोठा. इथे चारही बरोबर. स्तंभ स्वतंत्र आहे, आणि 21 ओळींच्या उंचीत 11 ओळी बसवायच्या म्हणून अक्षर जवळपास दुप्पट आलं आहे. दहाही नावं एका दमात वाचायची असतात, तेव्हा ही ठसठशीत मांडणी वाचणाऱ्याला सोयीची पडते. रंगाऱ्यानं मधल्या पट्टीत फाशीचा खांब घालायचा मोह टाळला, याबद्दल त्याला गुण द्यायला हवेत. खांब काठात आहे, तिथेच शोभतो.

चित्रांबद्दल एक तक्रार दोन्ही प्रकारांना लागू आहे. वश्ती राणीची मेजवानी पहिल्या स्तंभाखाली बरोबर आली, पण तिसऱ्या तुकड्यापासून चित्रं मजकुराच्या पुढे पळतात. एस्तेरचा चुलतभाऊ मर्दखय याला राजवस्त्रं घालून घोड्यावरून मिरवतात तो प्रसंग मजकुरात येण्याआधी एक स्तंभ चित्रात होऊन जातो. कागदावर सपाट पाहताना हे जाणवत नाही. वाचताना मात्र एका वेळी दोन-तीन स्तंभच समोर असतात आणि लहान मुलं चित्रावर बोट ठेवून गोष्ट शोधत असतात. त्यात चारही शिवणींवर वेलीची टोकं दीड-दोन मिमी चुकली आहेत. शिवण तातेची आहे, ते उत्तम. तालमूद अळशीच्या दोऱ्यालाही मुभा देतं, पण तीन टाके तरी तातेचे हवेत म्हणतं. प्रत्येक शिवण वर-खाली थोडी मोकळी सोडली आहे, म्हणजे ओढ बसली तरी कातडं कडेपासून फाटत नाही.

वाचताना मेगिल्ला पत्रासारखी घड्या घालून उलगडतात, कारण ग्रंथ स्वतःला पत्र म्हणवतो. रंगवलेल्या प्रतीचं खरं मरण इथे आहे. घडी दोन स्तंभांच्या मधे पडली तरी वरचा-खालचा काठ घडीत येणारच. जुन्या घरांतल्या लांब जन्मपत्रिकांवर गणपतीचा रंग नेमका घडीच्या रेघेवर उडालेला दिसतो, तशीच गत दोन-तीन पुरीमांत या प्रतीची होईल. छापील काठाला घडीनं काही झालं नाही. मात्र ती छपाई ओल्या बोटाला पुसट होते. कापडानं कोरडं झटकणं ठीक, पाणी अजिबात नाही.

तपासणीचे दोन कागद मिळतात, संगणकाचा आणि माणसाचा. संगणक गाळलेलं किंवा दुबार आलेलं अक्षर पकडतो. सिर्तूत, लेप, काठाला टेकलेली मान हे माणसानंच पाहायचं. रंगवलेल्या प्रतीच्या दोन्ही कागदांवरची तारीख रंगकामाच्या आधीची आहे, आणि लामेदचा घोळ निसटला तो याच कारणानं. रंगानंतरची दुसरी तपासणी मागून घ्या, पैसे जास्त पडले तरी. मजकुरातली किरकोळ चूक ही आपत्ती नव्हे. सुरुवात, शेवट किंवा एखादा संपूर्ण प्रसंग गळला नसेल आणि गाळलेला भाग निम्म्याहून कमी असेल, तर अशी मेगिल्लाही नाइलाजानं चालते, वाचणारा उरलेलं तोंडपाठ म्हणतो. नवीन विकत घेताना मात्र कोणी नाइलाज विकत घेऊ नये.

मुंबई, ठाणे, अलिबागकडच्या बेने इस्राएल घरांसाठी वेगळं सांगायला हवं. पुरीमला त्यांच्यात जुनं नाव होळीचा सण, कारण हिब्रू पंचांगातल्या अदार महिन्याची आणि फाल्गुनची पौर्णिमा बहुतेक वर्षी एकाच सुमारास येते. मेगिल्ला बाहेर निघते ती कोरड्या, बऱ्या हवेत. प्रश्न त्यानंतरच्या पावसाळ्याचा. चर्मपत्राला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात ती 80च्या वर असते. कातडं फुगतं, लाटा येतात, बुरशी धरते आणि हिराकसाची शाई ओलाव्यात वेगानं खाऊ लागते. चांदीच्या नळीत बंद करून ठेवणं सर्वांत वाईट. धुऊन खळ काढलेल्या मलमलीत सैल गुंडाळून, खोक्यात, भिंतीपासून दूर, घरातल्या मधल्या खोलीच्या कपाटात ठेवावी. प्लॅस्टिक नको, डांबराच्या गोळ्या नकोत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्याच तर मोजक्या आणि छोटा आर्द्रतामापक सोबत, कारण फार सुकलं की चर्मपत्र पापडासारखं कडक होतं आणि उलगडताना रंग सोडतं. दर महिन्याला एखाद्या कोरड्या दिवशी तासभर उलगडून ठेवावी. लाटा आल्याच तर इस्त्री हा उपाय नाही: उष्णतेनं कातडं आखडतं आणि पुन्हा सरळ होत नाही.

नुसती चित्रं बघायची हौस असेल तर चर्मपत्राच्या फंदात पडूच नये. हॅनोव्हरच्या लायब्निझ ग्रंथालयात 1746 सालची, सुमारे साडेसहा मीटर लांबीची एस्तेरची गुंडाळी आहे. हिल्डेसहाइमच्या वोल्फ लाइब काट्झ पॉपर्सचं हे काम. तिचा मजकूर हिब्रू नाही, जर्मन आहे. टाशेन प्रकाशनानं तिची पूर्ण मापाची प्रतिकृती काढली आहे. वाचनाला ती चालायची नाही, पण चित्र आणि मजकूर एकमेकांना कसे धरून चालतात हे त्या कामात बघावं आणि मग आपल्या कार्यशाळेला तसा आराखडा मागावा. ब्रागिन्स्की संग्रहातल्या गुंडाळ्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, त्यासाठी तर पदरचा पैसाही लागत नाही.

मागणी नोंदवायची असेल तर सुक्कोथचा सण आटोपताच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नोंदवावी. लिहायला काही आठवडे, तपासणीला आठवडा-दोन आठवडे, काठाला हाताचं काम असेल तर त्याहून जास्त. पुरीम तोंडावर आला की सोफेर घाई करतात आणि सातव्या स्तंभासारख्या ओळी जन्माला येतात. छापील रेखाकाठ, 8 मिमी कोरी पट्टी, सारख्या जाडीचे तुकडे, 4 सेंमी दांडी, 6 सेंमी नळी आणि काठानंतरची तपासणी, एवढं लिहून दिलंत तर ही कार्यशाळा वस्तू चांगली देईल. तिचा सोफेर हाताचा पक्का आहे. रंगाऱ्याला मात्र हिब्रू वाचता येतं का, ते विचारून घ्या.